जोब हॅलेटच्या डोक्यावरचा उंचवटा

इंग्लंडमधल्या बाथ शहरात टोप्या करणाऱ्या डॉर्कस व्हीलच्या हाताखालून अठरा वर्षांत कितीतरी डोकी गेली होती. निमुळती, चपटी, एका बाजूला कललेली. एका बिशपसाहेबांच्या डोक्याला तर मागे एवढा खड्डा होता की टोपीत आतून लोकर भरावी लागे. त्यामुळे लंडनहून कोणी डॉक्टर फेनविक आलाय आणि तो डोक्यावरचे उंचवटे चाचपून माणसाचा स्वभाव सांगतो, हे ऐकून ती आधी नुसती हसली होती.

ते हसू फार दिवस टिकलं नाही. लेडी ट्रेशम यांच्या घरातून त्यांच्या दिवंगत यजमानांची गळपट्ट्याला लावायची पिन नाहीशी झाली. काळा मोती, भोवती सोन्याचा साप. त्या दिवशी फेनविक तिथं जेवायला होता. त्यानं आपणहून नोकरांना ओळीत उभं केलं, एकेकाचं डोकं चाचपलं आणि जोब हॅलेटच्या डाव्या कानाच्या वरच्या उंचवट्यावर बोट ठेवून सांगितलं की चोरीची वृत्ती इथं असते, या माणसात ती भरपूर आहे. झडतीत काही मिळालं नाही. तरीही अकरा वर्षं त्या घरात वाढप्याचं काम केलेल्या जोबला संध्याकाळच्या आत बाहेर काढलं, तेही शिफारसपत्राशिवाय. मग दुसऱ्या घरात त्याला कोण उभं करणार? तो शहराबाहेरच्या खाणीत दगड फोडायला लागला. सप्टेंबरात त्याचं आणि डॉर्कसचं लग्न व्हायचं होतं.

तो उंचवटा डॉर्कसला ठाऊक होता. नवव्या वर्षी जोब गवताच्या माळ्यावरून पडला होता, तेव्हाचा. पण रविवारी तो भेटायला आला तर त्याचा हात सारखा कानाकडे जायचा.

"शिकलेला माणूस आहे तो," जोब म्हणाला. "आणि लहानपणी मी सफरचंदं चोरलीच होती, डॉर्कस."

"अख्ख्या गावानं चोरली होती. त्या सगळ्यांच्या डोक्याला टेंगळं आली का?"

तो हसला नाही. नोकरी गेल्याचा राग तिला होताच. पण या भल्या माणसाला स्वतःच्याच डोक्याची भीती वाटायला लागली, हे तिला सोसवेना.

पुढच्या आठवड्यात लेडी ट्रेशमची मुलगी, मिस लव्हिनिया, दुकानात आली. तिला प्रवासाची टोपी हवी होती, चेहरा झाकेल अशी, गुरुवारपर्यंत. आणि टोपी घरी पाठवायची नव्हती. फेनविकच्या बिऱ्हाडी पोचवायची होती. कुणाला सांगू नकोस, म्हणत तिनं डॉर्कसचा हात दाबला.

गुरुवारी सकाळी डॉर्कस स्वतःच टोपी घेऊन गेली. दार फेनविकनंच उघडलं. अंगावर प्रवासाचे कपडे, गळपट्ट्यात काळा मोती, भोवती सोन्याचा साप. टोपीवाली बाई त्याच्या खिजगणतीतही नव्हती. त्यानं पिन झाकायचीही तसदी घेतली नाही. डॉर्कसनं टोपीचा खोका त्याच्या हातात दिला नाही. ती तशीच मागे फिरली आणि ट्रेशमांच्या घराच्या पुढच्या दारानं आत शिरली. आयुष्यात पहिल्यांदाच.

मायलेकी चहाला बसल्या होत्या. तिनं खोका मेजावर ठेवला आणि पाहिलं ते सगळं सांगून टाकलं.

लव्हिनिया रडायला लागली. पिन तिनंच त्याला दिली होती, प्रेमाची खूण म्हणून. आज दुपारी दोघं पळून जाणार होती. "तुला काय कळणार प्रेम!" ती डॉर्कसवर ओरडली.

"कळतं, मिस. माझं प्रेम खाणीत दगड फोडतंय."

लेडी ट्रेशम खोक्याकडे बघत राहिल्या. पळून जायचा बेत त्यांना नवा होता. पण पिनेचं नाव निघालं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नव्हतं, हे डॉर्कसनं पाहिलं होतं.

"बाईसाहेब, पिन कुणी दिली ते तुम्हाला आधीच ठाऊक होतं."

"पंधरा दिवसांपूर्वी कळलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तोवर हॅलेट गेला होता. घराची अब्रू होती, व्हील. तू समजून घ्यायला हवंस."

"मी नाही घेणार समजून. कागद मागवा. तो चोर नाही हे तुमच्या हातानं, तुमच्या सहीनं लिहा. तोवर मी इथून हलत नाही. आणि दुपारी फेनविकच्या दारात गाडी थांबली, तर ती का थांबलीय हे साऱ्या गल्लीला सांगेन."

पत्र मिळालं. चार ओळींचं. त्यात माफीचा शब्द नव्हता.

जोबनं ते खाणीच्या कडेला बसून तीनदा वाचलं. "बाईसाहेबांनी किती चांगलं लिहिलंय," तो ओल्या डोळ्यांनी म्हणाला. डॉर्कसला वाटलं, याला धरून गदागदा हलवावं. पण ती चुलीतल्या लाकडासारखी आतून तडतडत त्याच्याशेजारी बसून राहिली.

सप्टेंबरात त्यांचं लग्न झालं. जोब पुन्हा कुणाच्या घरी चाकरीला गेला नाही; दुकानात लाकडी साच्यावर टोप्या ताणायला शिकला. लव्हिनियाला मावशीकडे उत्तरेत पाठवलं. फेनविकला कुणी काही विचारलं नाही. हिवाळ्यात ब्रिस्टलहून आलेल्या गिऱ्हाइकानं सांगितलं, तिथं त्याच्या व्याख्यानाला सभागृहात बसायला जागा मिळत नाही. डॉर्कसच्या हातातली सुई वाकली. तिनं ती फेकून दुसरी घेतली.