भेटायला येऊ नये

या वेळची लाट सौम्य आहे, असं जो तो मला सांगत होता. दूधवाला सांगत होता, ऑफिसातले सांगत होते, रिक्षावालासुद्धा आरशातून माझ्या मास्ककडे बघत सांगत होता. सौम्य कुणाला, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. माझ्या घरी आई होती. मागच्या मोठ्या लाटेत ती ऑक्सिजनवर राहून कशीबशी परत आली होती, आणि तेव्हापासून मुकुंदवाडीतल्या आमच्या घराच्या दोन-तीन पायऱ्या चढली तरी ओट्यावर बसून दम खायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, यांच्या फुप्फुसांना पुन्हा असा तडाखा झेपणार नाही. घरात आम्ही दोघीच. म्हणजे तिला काही झालंच तर ते माझ्यामुळे, नाहीतर दारातून आत येणाऱ्या कुणामुळे तरी होणार.

म्हणून मी दाराकडून सुरुवात केली. फाटकावर पाटी लावली: घरात आजारी माणूस आहे, कृपया भेटायला येऊ नये. आमच्या लोकांना मी जन्मापासून ओळखते, तरी ही पाटी लावायची बुद्धी मला कशी झाली कोण जाणे. आजारी माणूस आहे हे वाचल्यावर भेटायला न जाणं कुणाला जमणार? गल्लीतल्या ज्या बायका सणासुदीलाही फिरकत नव्हत्या, त्या संध्याकाळी शहाळी घेऊन हजर. एकीनं तर मला विचारलं, येऊ नये असं लिवलंय म्हणजे लई सिरियस हाय का. मी पाटी काढून टाकली. मग पाटी का काढली, आता बरं वाटतंय का, हे विचारायला त्याच बायका पुन्हा येऊन गेल्या.

या सगळ्यांवर कडी केली ती मावशीनं. आईची धाकटी बहीण, चिकलठाण्याला राहते. शेअर रिक्षात मांडीला मांडी लावून यायची, मास्क अगदी नाकाच्या वरपर्यंत चढवलेला, आणि आईच्या पलंगाशी बसली की तोच मास्क ओढून हनुवटीखाली. रस्ताभर जपलेला मास्क ही बाई नेमका माझ्या आईसमोर काढायची. मी सांगायची, वर कर. ती करायची. मी चहा ठेवायला वळले की पुन्हा खाली. गल्लीतल्या बायकांचंही तेच. यांच्या पाया पडावं की यांना हाताला धरून बाहेर काढावं, हेच मला समजेना. शेवटी एक दिवस मी मावशीला बोलले. बहिणीच्या जिवावर उठलीस का, असं तोंडावर विचारलं. तिनं एकदा आईकडे बघितलं, पिशवी उचलली आणि निघून गेली. नंतर आली नाही. मला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं.

मी स्वतः घरातही मास्क लावूनच वावरायची. औरंगपुऱ्यातलं आमचं ऑफिस म्हणजे एक खोली, टेबलाला टेबल लागलेलं, आणि शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ दिवसभर खोकायचे. विचारलं की म्हणायचे, एसीनं होतंय. एसी कधीचा बंद पडलेला होता. तपासून घ्या म्हटलं तर म्हणाले, नको, उगीच काही निघालं तर?

आईची माझ्या मास्कबद्दल काही तक्रार नव्हती. मागच्या लाटेनंतर तिचं ऐकणं कमी कमी होत गेलं होतं. कानात घालायचं यंत्र आणलं, ते शिट्टी मारतं म्हणून तिनं डबीसकट कपाटात टाकलं. मी मास्कमधून जमेल तेवढं ओरडून सांगायची आणि ती प्रत्येक गोष्टीला व्हय म्हणायची. डॉक्टरांनी लावून दिलेली नवी गोळी घेतलीस का? व्हय. दार लावलं होतंस का? व्हय. आणि संध्याकाळी येऊन बघावं तर दार सताड उघडं, गोळी पाकिटात जशीच्या तशी. एकदा माझं डोकं फारच फिरलं. खोटं कशाला बोलतेस, म्हणून मी तिच्यावर खेकसले. तिनं माझ्या डोळ्यांकडे नीट बघितलं आणि म्हणाली, व्हय.

मग व्हायचं तेच झालं. माझं अंग मोडून आलं, किट आणून तपासलं तर दोन रेघा. बाहेरच्या खोलीला वेगळं दार आहे, मी तिथे गेले आणि मधलं दार लावून घेतलं. लॅबचा माणूस येऊन आईला तपासून गेला. काही निघालं नाही, पण इतक्यात खात्री देता येत नाही, थोडे दिवस थांबून पुन्हा बघू, म्हणाला. तापापेक्षा ते थांबणं वाईट होतं.

आईच्या खोलीची खिडकी अंगणात आहे. सकाळी मी बाहेरून फिरून खिडकीपुढे उभी राहिले. काच घट्ट बंद होती, अंगणात दुसरं कुणी नव्हतं आणि मास्कमध्ये मला गुदमरत होतं, म्हणून मी तो काढला. मग काच फुटेल एवढ्या जोरात ओरडले, बोटाला ते मशिन लाव, ऑक्सिजन बघ.

आई आतून म्हणाली, "वरडू नको. दिसतंय मला."

मला काही उमजेना. मी मुद्दाम आवाज न काढता नुसते ओठ हलवून विचारलं, गोळी घेतलीस का?

"नाय घेतली. कोणती घिऊ, लाल का पांढरी?"

इतक्या दिवसांत व्हयशिवाय मिळालेलं हे पहिलं उत्तर. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिला ऐकू असं जवळजवळ येतच नव्हतं. समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलणं ओळखायचं ती आपलं आपण शिकली होती. बहिरी म्हणतील म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं, एक मावशी सोडून. आल्यागेल्याला मास्क खाली करायची खूण आईच करायची, मी वळले की.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू माझ्यासाठीच बांधलं व्हतं ना. तुला कसं म्हणू, काढ म्हणून?"

पुढे आईचं दुसऱ्यांदाही काही निघालं नाही. म्हणजे माझा मास्क बरोबरच होता, आणि जीव धोक्यात घालून बायकांशी गप्पा मारणाऱ्या आईचा मला आजही राग येतो. मावशीची मी फोनवर माफी मागितली. ती आता खिडकीबाहेर स्टूल टाकून बसते आणि काचेतून सगळ्या चिकलठाण्याच्या बातम्या पुरवते.

पण त्या सकाळी आईचं काय होणार, हे आम्हाला माहीत नव्हतं. आईनं खुर्ची काचेला लावून घेतली, पदर सारखा करून बसली आणि म्हणाली, "हां, आता सांग. एवढे दिवस काय काय बोलत व्हतीस माझ्याशी?"

मी आठवून बघितलं. गोळी घे. दार लाव. हात धू. मावशीला आत घेऊ नकोस. एवढंच होतं. आई माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती.