झाडांना नावं ठेवणारे काका

स्वतःच्या कामाची एवढ्या मनापासून निंदा करणारा माणूस आपल्या साऱ्या मुलखात दुसरा झाला नसेल. लोक दुसऱ्यांना नावं ठेवतात. माझ्या वडिलांचे हे स्नेही फक्त आपल्याच झाडांना नावं ठेवत, आणि तीही इतक्या मायेने की ऐकणाऱ्याला आपणही झाड व्हावं असं वाटे. वडील आणि ते चाकणजवळच्या एका खेड्यात चौथीपर्यंत एकाच गोणपाटावर बसून शिकले. पुढे वडील शिकत गेले आणि पिंपरीच्या बाजूला नव्या निघालेल्या एका कारखान्यात केमिस्ट झाले. काका शेतात राहिले, मग पुण्यातल्या बंगल्यांच्या बागा करू लागले, आणि एके दिवशी आमच्याच वसाहतीत, अगदी आमच्या दारासमोर, डोक्याला फेटा आणि हातात खुरपं घेऊन ठेकेदार म्हणून उगवले.

कारखाना आणि आमची घरं यांच्यामध्ये हिरवळीचा एक लांब पट्टा होता. पाण्याचा मोठा नळ टाकताना तो या टोकापासून त्या टोकापर्यंत उकरला गेला, आणि नंतर कितीतरी दिवस तिथे दगड, मातीचे ढीग आणि डबक्यांत अडकलेले आभाळाचे तुकडे एवढंच उरलं होतं. वसाहतीच्या नगर-कमिटीने तो पट्टा पहिल्यासारखा करून देण्याचा ठेका काकांना दिला. खाली हरळी, कडेने मेंदीचं कुंपण, मधूनमधून फुलझाडं आणि सावलीची रोपं. मी तेव्हा पुण्याच्या कॉलेजातून आले की खिडकीशी पुस्तक उघडून बसत असे. दुपारच्या वेळी कारखान्याच्या धुरातून ऊन गाळून येई, पलीकडे रुळांवरून मालगाडी रेंगाळत जाई, आणि त्या पिवळट उजेडात काका एकेका रोपापाशी उकिडवे बसून त्याला शिव्या देत असत.

"काय ह्ये ध्यान! ना रूप ना रंग. कुनी इचारनार न्हाई तुला, कळलं?" एवढं बोलून ते त्याच्या मुळाशी ओंजळीने पाणी घालत, आणि घालताना मान दुसरीकडे वळवत. पुष्कळदा पाणी स्वतःच्याच पायावर पडे. एकदा मी न राहवून विचारलं, तेव्हा ते हळूच म्हणाले, "मायेची नजर सगळ्यात आधी लागती, पोरी. बघायचं, पन बघितल्यावानी करायचं न्हाई."

प्रत्येक रोपाला त्यांनी नाव दिलं होतं. सगळ्यात जोमदार कडुनिंब होता दगडू. शेवंतीच्या ताटव्याचं नाव भिकी. आणि पारिजातकाचं एक नाजूक रोप होतं, ज्यावर त्यांचा खरा जीव, ते होतं उकिरडी. याउलट जे रोप जगेल असं वाटत नसे त्याला ते सरदार, महाराणी अशी नावं देत. आमच्या शेजारणीने एकदा विचारलं, "ही महाराणी का हो वाळली?" काका शांतपणे म्हणाले, "तिला जायचंच व्हतं, म्हनून मोठं नाव दिलं." त्यांचं स्वतःचं नावही दगडधोंड्यांच्या घराण्यातलं होतं. वडिलांनी मला त्यामागची हकिगत सांगितली. काकांच्या आधीची चार भावंडं, देवांची सुंदर नावं लावलेली, पाळण्यातूनच गेली. पाचव्याच्या वेळी आईने देवळाकडे पाठ फिरवली आणि दारातल्या दगडाचं नाव ठेवलं. ते टिकलं. त्यानंतर मला त्या शिव्या निराळ्या ऐकू येऊ लागल्या.

हा नियम फक्त झाडांपुरता नव्हता. आमच्या घरी चहा झाला की ते म्हणत, "वहिनी, आज काय जमलं न्हाई बगा." आई पहिल्यांदा फार दुखावली. पुढे तिला त्यांची भाषा कळली. एके दिवशी कप खाली ठेवून ते "झक्कास!" म्हणाले, तेव्हा आईने मुकाट्याने पातेलं पुन्हा स्टोव्हवर चढवलं. मी इंटरला बऱ्या मार्कांनी पास झाले. सगळी वसाहत पेढे खात माझ्याकडे बघत होती आणि मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं. काका मोठ्याने म्हणाले, "कसली हुशार? ढब्बू हाय नुसती!" लोक हसले, त्यांच्याकडे वळले, आणि माझी सुटका झाली.

पण कमिटीच्या साहेबांना ही भाषा कोण शिकवणार? साहेब मद्रासकडचे, गंभीर, चकचकीत बुटांचे. मराठी त्यांना येत नव्हती. उन्हाळ्याच्या शेवटी ते पाहणीला आले तेव्हा रोपं टीचभर होती आणि हरळी कुठे धरलेली, कुठे नाही. बरोबरच्या ओव्हरसीयरमार्फत त्यांनी विचारलं, काम कसं चाललंय? काका दोन्ही हात जोडून म्हणाले, "समदं रद्दी हाय साहेब. एक झाड धड न्हाई." ओव्हरसीयरने शब्दाला शब्द ठेवून ते इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी भुवया उचलल्या. कारखान्याला खोक्यांसाठी गोडाऊन हवंच होतं. ते म्हणाले, पावसाळ्यानंतर मी पुन्हा बघेन, आणि तेव्हाही असंच असेल तर ही जागा गोडाऊनला देऊ.

वडील संतापले. "अरे लेका, निदान त्या दिवशी तरी खरं बोलायचंस!"

"एवढ्या मोठ्या खुर्चीची नजर, आन् मी तिच्याम्होरं चांगलं म्हनू? जळून गेलं असतं समदं."

"आणि आता गोडाऊन होईल त्याचं काय?"

काका खुरपं उचलून पट्ट्याकडे निघून गेले. पावसाळाभर ते मुकाट्याने राबले. शिव्याही कमी झाल्या. कधीकधी भर पावसात इरलं पांघरून ते उकिरडीशेजारी नुसते बसलेले दिसत. एका संध्याकाळी ते आमच्या पायरीशी येऊन म्हणाले, "पोरीला विंग्रजी येतं. साहेबाला तीच सांगंल." वर्गात हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानासुद्धा माझा आवाज फुटत नसे. पण त्यांच्याकडे बघून मला नाही म्हणता आलं नाही.

आश्विनातल्या एका सकाळी साहेब आले. रात्रीच्या दवाने हरळी चंदेरी झाली होती, मेंदी गुडघ्याच्या वर आली होती, आणि उकिरडीने आपल्याभोवती पांढरी-केशरी फुलं टाकून ठेवली होती. साहेब तिथे थांबले आणि त्यांनी काकांना तोच प्रश्न विचारला. मी प्रश्न मराठीत सांगितला आणि मनात देवाचा धावा केला.

"रद्दी हाय साहेब," काका म्हणाले. "आन् ही उकिरडी तर बघवत न्हाई."

ओव्हरसीयर गालात हसला. साहेब माझ्याकडे वळले. मी त्यांच्या बुटांकडे बघत, कसंबसं, इंग्रजीत म्हटलं, "सर, ते म्हणताहेत की ही त्यांची मुलं आहेत. मुलांची स्तुती आमच्याकडे मोठ्याने करत नाहीत."

मी वर पाहिलं तेव्हा साहेबांचं एक बोट आपल्याच गालावर टेकलेलं होतं, लहान मुलाला काजळाची तीट लावतात ना, तिथे. मग ते वाकले, एक फूल उचललं, हलकेच म्हणाले, "ब्यूटिफुल," आणि ओव्हरसीयरला सांगितलं की गोडाऊनसाठी दुसरी जागा बघा.

ते गेल्यावर काका माझ्याजवळ आले. "काय म्हनला साहेब?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मला ते सांगता येईना.

"म्हणाले, अगदी टाकाऊ आहे," मी म्हटलं. "पण असू दे इथंच."

"ऱ्हाऊ दे म्हनला?"

"हो. कायमचं."

काका मटकन ओल्या हरळीत बसले आणि फेट्याचं टोक डोळ्यांना लावलं. कितीतरी वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, "टाकाऊच म्हनला न्हवं? नक्की?"

"नक्की काका."

"लई चांगला मानूस," ते म्हणाले.

ठेका संपला आणि ते आपल्या गावी परत गेले. आता पट्ट्यावर दुसरे माळी असतात. संध्याकाळी कारखाना सुटला की माणसं पारिजातकापाशी थांबतात आणि एकमेकांना म्हणतात, काय सुरेख झाड आहे! माझ्या मनात चर्र होतं. त्यांना काही सांगायचं धाडस मला अजून होत नाही. मी ती पुढे जाईपर्यंत वाट बघते, आणि मग झाडाजवळ जाऊन, कुणी ऐकत नाही असं बघून, जमेल तेवढं वाईट बोलते. काकांसारखं मला अजून साधत नाही.