गव्हर्नर आणि मानाची आरती

हॉलच्या स्वयंपाकघरात मी खिरापतीसाठी नारळ खोवत होते. मंडळाचे अध्यक्ष दारात आले नि म्हणाले, "ताई, मानाची आरती यंदा आम्ही ज्येष्ठच करू म्हणतो."

माझा हात थांबला. इथे परदेशात, आमच्या न्यू लिनच्या मंडळात, गणपतीच्या शेवटच्या दिवशीची आरती त्या वर्षी लग्न झालेल्या जोडप्याकडे असते. हा रिवाज आजवर कधी मोडला नव्हता. यंदा असं जोडपं एकच होतं, माझी लेक आणि जावई. जावई सामोअन आहे, इथून जवळच्या सामोआ बेटांवरचा.

"का हो?" मी विचारलं.

"छे छे, तसं काही नाही! मुलगा लाखात एक. जेवायला पहिल्या पंगतीत बसू दे की. फक्त ताट त्याच्या हातात द्यायचं म्हणजे... लोकांची अजून तयारी नाही, ताई. हळूहळू होईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो बिचारा महिनाभर गाडी चालवताना आरती घोकत होता. लेक सकाळपासून माझी पैठणी नेसून मिरवत होती. तिला बाजूला घेऊन सांगितलं, तर ती पदर खोचून खुर्च्या मांडायला गेली. जावयाला सांगायला माझी जीभ रेटेना.

आणि आरतीच्या आधी व्याख्यान कुणाचं? माझंच! पुण्यात एम.ए.ला असताना मी अमेरिकेतल्या एका राज्याच्या गव्हर्नरवर प्रबंध लिहिला होता. गेल्या शतकाच्या मधल्या काळातला माणूस. अध्यक्षांनी तो विषय हौसेनं निवडला होता. "अनवाणी शाळेत जाणारा शेतकऱ्याचा पोरगा गव्हर्नर होतो, पोरांना मोटिव्हेशन मिळेल. पॉझिटिव्ह तेवढंच सांगा," असं बजावलंही होतं.

पॉझिटिव्ह म्हणे! मी सगळं सांगितलं. त्यानं खेड्यापाड्यांत रस्ते नेले, दवाखाने काढले, शाळा बांधल्या. मग कोर्टानं सांगितलं, काळी-गोरी मुलं एका वर्गात बसवा. तर या गृहस्थानं स्वतःच बांधलेल्या शाळांना कुलपं ठोकली. मनात द्वेष नव्हता हो त्याच्या! काळ्या लोकांच्या घरी जाऊन जेवायचा, त्यांच्या लेकरांना कडेवर घ्यायचा. त्याचं म्हणणं एवढंच, की लोकांची अजून तयारी नाही, हळूहळू होईल. मरेपर्यंत तेच म्हणत राहिला. हे वाक्य मी अध्यक्षांच्या डोळ्यांत बघून दोनदा म्हटलं.

सगळ्यात आधी टाळ्या त्यांनीच वाजवल्या! पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

मग त्यांनी सपत्नीक ताट उचललं. पहिलं कडवं दणक्यात झालं. पुढची कडवी आमच्याकडे कुणाला धड येत नाहीत. सगळे ओठ हलवतात आणि शेवटच्या ओळीला ओरडतात. त्या दिवशी मात्र मागून, चपला आणि रबरी जँडल्सच्या ढिगाजवळून, एक आवाज नीट येत राहिला. लहानपणापासून चर्चमध्ये कमावलेला, भरदार. एकही शब्द चुकला नाही. हळूहळू अख्खा हॉल त्याच्या मागून म्हणायला लागला. हातात ताट धरलेले अध्यक्षसुद्धा मान वळवून त्याच्याकडून शब्द उचलत होते.

आरती संपल्यावर त्यांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. "वा जावईबापू! पुढच्या वर्षी ताट तुमच्याच हातात. स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या बोलीत, एकदम झकास.

पुढच्या वर्षी? नवं लग्न काय दरवर्षी होतं? पुढच्या वर्षी तो मान दुसऱ्या कुणाचा असणार, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात लेकीनं माझा दंड धरला.

ती इथेच जन्मलेली. तिच्या मैत्रिणी आपापल्या आयांना इंग्रजीत उत्तरं द्यायच्या, तेव्हाही ही माझ्याशी कायम मराठीत बोलली.

"लेट्स गो होम, मम," ती म्हणाली.

जन्मात पहिल्यांदा तिनं मला आई म्हटलं नाही.