माघारी द्यायचा डबा

आमची सुमो नाशिकजवळच्या मखमलाबादच्या मळ्यातून निघायच्या बेतात होती तेव्हा आई फूलबाजारातून परत आली. मुलगी अमेरिकेला चालली म्हणून बाजार चुकवणाऱ्यातली ती नव्हती. दसरा तोंडावर, झेंडूला भाव, आणि विमान तर रात्रीचं. पदराला पाकळ्या तशाच चिकटलेल्या. घरात जाऊन ती स्टीलचा कडीचा डबा घेऊन आली, काळ्या मसाल्यानं काठोकाठ भरलेला. खिडकीतून तो माझ्या मांडीवर ठेवत म्हणाली, "डबा माझा हे. माघारी आणायचा. आन् रिकामा नाय आणायचा. जावयाच्या पैशाचं काय नको, तुझ्या कमाईचं आण."

सगळे हसले, मीही हसले. आमच्याकडं शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी टाकून देतात. आणि कमाईचं म्हणाल तर मी तेव्हा गंगापूर रोडच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, स्कूटीवरून ऐटीत जात-येत होते. पहिल्या पगाराचे पेढे मी याच डब्यातून घरी नेले होते. त्यामुळे आईनं फार काही मागितलंय असं मला वाटलं नाही. कसारा घाट उतरेपर्यंत डबा मांडीवरच होता.

ही दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. न्यू जर्सीत पोचल्यावर माझ्या व्हिसाचा अर्थ मला हळूहळू कळत गेला. डिपेंडंट. नवऱ्याच्या व्हिसाला लटकलेला. राहा, फिरा, शिका, गाडी चालवा, पोरं जन्माला घाला, फक्त काम करू नका. आमच्या अपार्टमेंटच्या लॉन्ड्री रूममध्ये माझ्यासारख्याच मुली भेटायच्या. कोणी इंजिनियर, कोणी दातांची डॉक्टर. सगळ्या कपड्यांच्या घड्या घालत असायच्या.

आईला हे फोनवर समजावणं म्हणजे डोकेफोड. कॉलिंग कार्ड खरवडून नंबर लावायचा, आणि तिकडून पहिला प्रश्न तोच. "दिवसभर करते तरी काय गं मग?" अंधारात उठून फुलं तोडायची, उजाडायच्या आत पाट्या बाजारात पोचवायच्या, असं तिचं आयुष्य गेलं. काम करायला परवाना लागतो हे तिच्या गावीही नव्हतं. बाजारात फार तर पावती फाडणारा यायचा, आणि त्यालाही ती दोन शब्द सुनावल्याशिवाय पैसे द्यायची नाही. बाईनं घरात नुसतं बसून राहायचं म्हणजे ती आजारी तरी असणार किंवा रुसलेली तरी, एवढंच तिला ठाऊक होतं.

म्हणून मी ब्लॉग सुरू केला. आईला फोन करून विचारायचं, आणि ती सांगेल ते मराठीत टाइप करायचं. बाजरीच्या खारवड्या, शेवग्याच्या पाल्याची भाजी, तिचा काळा मसाला. ती मसाल्याचं सांगताना मध्येच गिऱ्हाइकाचे किस्से सांगायची, तेही मी लिहायचे. वर्षभरात कुठून कुठून बायका वाचायला लागल्या. दुबई, टेक्सास, सिडनी. पानाच्या कडेला जाहिराती लावता येतात असं कोणीतरी सांगितलं, त्याही लावल्या. आणि एक दिवस माझ्या नावाचा चेक आला. मी तो फ्रीजवर मॅग्नेटनं लावला आणि कपाटातून डबा काढून घासला.

नवरा माझ्याहून सावध. त्यानं ऑफिसच्या वकीलबाईंना फोन लावला. त्या फार गोड बोलायच्या. हौस म्हणून लिहा, म्हणाल्या, पण त्यातून कमाई केली की आम्ही त्याला काम समजतो, आणि कामाला परमिट लागतं. ते नसताना केलंत तर उद्या ग्रीन कार्डाच्या वेळी दोघांचंही अडेल. नवऱ्यानं लगेच आपल्याकडची युक्ती काढली. जाहिराती हिच्या भावाच्या नावावर केल्या तर? गावाकडं जमीन एकाच्या नावावर आणि कसणारा दुसराच, तसं. वकीलबाईंनी शांतपणे विचारलं, "पण टाइप कोण करतं?"

जाहिराती काढल्या, चेक परत पाठवला. मला वाटलं, निदान प्रश्न मिटला. पण न्यू जर्सीतल्या आमच्या गावातल्या देशी किराणा दुकानाच्या काकांचं बाजरीचं पीठ चांगलं असतं असं मी लिहिलं, आणि बायका लांबून लांबून त्यांच्याकडं यायला लागल्या. काकांनी खूश होऊन पिठाची एक गोणी माझ्या गाडीत टाकली. मी घेतली. आमच्या गल्लीतही हेच झालं असतं. वकीलबाई म्हणाल्या, बदल्यात मिळालेली वस्तू म्हणजेही मोबदला. पैसे असोत की पीठ. गोणी परत करताना काकांचा चेहरा पडला तो मला अजून दिसतो. मग ब्लॉगवर मला लिहावं लागलं की कृपा करून कोणी मला काही पाठवू नका.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "लोकांनी तुझं भांडं रिकामंच द्यायचं का गं? असा कसला कायदा?" मला त्या रात्री खूप रडू आलं. अपमान झाल्यासारखं वाटत होतं, आणि अपमान करणारं कोणी समोर नव्हतं.

मधे एकदा नाशिकला गेले. बॅगा भरून बदाम, चॉकलेटं नेली, नवऱ्याच्या पगारातली. आईनं सगळं वाटून टाकलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "डबा?" म्हटलं, "भरला नाही अजून." ती हसली. "मग राहू दे तिकडंच. मला काय घाई नाय." तिला घाई आहे हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं. नंतर एका हिवाळ्यात, शेवंतीच्या हंगामात, ती बाजारातून आली, पडवीत टेकली आणि परत उठली नाही. मी पोचले ती दहाव्याला.

माझं परमिट आलं ते पुढच्या पावसाळ्यात. प्लॅस्टिकचं एक कार्ड, त्यावर माझा बावळट फोटो. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातात आलं आणि मला धड आनंदही होईना. तरी जाहिराती पुन्हा लावल्या. पहिला चेक बँकेत भरला, अक्रोड आणले, डबा काठोकाठ भरला आणि दिवाळीला नाशिकला नेला.

वहिनी ओट्याशी होती. मी डबा तिच्या हातात दिला. तो कसला हे मी सांगायच्या आतच तिनं अक्रोड परातीत ओतले, डबा धुतला, पुसला, आणि फडताळातून बरणी काढून त्यात काळा मसाला भरायला लागली. म्हटलं, "राहू दे गं वहिनी, एवढा कशाला?"

"राहू दे कसं? आत्याबाई सांगून गेल्या ना," ती म्हणाली. "ताईचा डबा उशिरानं येईल, पण येईल. आला का रिकामा देऊ नको."

मी तिथंच ओट्याला टेकून रडले.

मळ्यातला अर्धा झेंडू आता गेला, तिथं प्लॉट पडलेत. घर कुठलं असं कोणी विचारलं तर मी अजूनही नाशिकच सांगते, कारण माझ्याकडं त्या घरचा डबा आहे आणि तो माघारी द्यायचाय. मसाला वहिनीच्या हातचा, लवंग जरा जास्त. संपत आलाय. या खेपेला डबा भरायला मला कोणाची परवानगी लागणार नाही. तो कोणाच्या कमाईचा, हे विचारणारी तेवढी राहिली नाही.