मालकीणबाई दार वाजवतात

ओयरिकचं घर आमच्या बेटावरच्या गावातलं शेवटचं. त्याच्या पुढे रस्ता नाही. कुरण, मग वाळू, मग समुद्र, आणि समुद्रापार थेट कॅनडा. तिचा एकुलता भाऊ तिकडे गेला तो गेलाच. तिच्या अलीकडचं घर माझं. मी घरीच मागावर लोकरीचं कापड विणते, आणि मागाशी बसलं की समोरच्या खिडकीतून तिचं अंगण दिसतं. त्यामुळे ओयरिकचं काही विचारायचं असलं की गाव मलाच विचारतं, "शोनाक, तिचं कसं चाललंय?"

लग्नाच्या वयात ती आईचं करत होती. आई अंथरुणाला खिळलेली, आणि जीव चिवट. आई गेली तेव्हा ओयरिकची साठी उलटली होती. पुढल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि तिने मेंढ्याही विकल्या. त्यानंतर तिच्या अंगणात चार कोंबड्या सोडल्या तर दिवसभर काही हलायचं नाही. हलली तर दोरीवरची एखादी चादर, तीही रविवार सोडून, कारण देवाच्या दिवशी आमच्याकडे कुणी कपडेही वाळत घालत नाही.

त्याच सुमारास आमच्या किनाऱ्यावर कॅम्परव्हॅनवाल्यांचा, म्हणजे गाडीतच राहून फिरणाऱ्यांचा, सुळसुळाट झाला. दफनभूमीच्या भिंतीला लागून गाड्या उभ्या करायचे, ओल्या गवतात चाकं रुतवून बसायचे, आणि नको ते वाळूत पुरून जायचे. गावाची बैठक भरली. माझा नवरा मुर्डो म्हणाला, "ओयरिक, तुझं खालचं कुरण रिकामंच पडलंय. तिथे यांना जागा करून दे की."

"मेंढ्या गेल्या, आता माणसं चारू म्हणतोस?"

सगळे हसले, पण ती तयार झाली. गावाने मिळून खडी टाकली, सहा गाड्यांपुरती जागा केली, विजेचे खांब रोवले, नळ आणला. गाडीतल्या संडासाची पेटी रिकामी करायला मागे खड्डा बांधला. फाटकावर ओयरिकने स्वतःच्या हाताने पाटी रंगवली: रविवारी आलात तर चालेल, पण आवाज करू नका.

तो पहिला उन्हाळा मला चांगला आठवतो. संध्याकाळी गाड्या यायच्या. माणसं घडीच्या खुर्च्या काढून बसायची, समुद्राकडे तोंड आणि ओयरिकच्या घराकडे पाठ करून. ही स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी. सकाळी ती चहा घेऊन खिडकीशी येईपर्यंत निम्मी जागा मोकळी झालेली असायची. मी विचारलं, "काल कोण होतं गं?" तर म्हणाली, "एक लाल टोपी होती आणि दोन कुत्री. चेहरे काही दिसले नाहीत."

शरदात एका जर्मन जोडप्याच्या गाडीचा गिअरबॉक्स मोडला. सुटा भाग लवकर मिळेना, त्यांची रजा संपलेली. गाडी तिथेच ठेवून, किल्ली ओयरिककडे देऊन ते निघून गेले. वसंतात येऊन घेऊन जाऊ म्हणाले.

हिवाळ्यात आमच्याकडे दुपारचा चहा होतो न होतो तोच अंधार पडतो. अशाच एका संध्याकाळी आम्ही मेंढी कापली होती, म्हणून तिच्या रक्तात ओट कालवून केलेलं गरम सॉसेज घेऊन मी ओयरिककडे गेले. घरात दिवा, चुलीत पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, धुमसत होतं, पण हाकेला ओ नाही. बाहेर आले तर खालच्या कुरणात त्या मोडक्या गाडीच्या काचेमागे मिणमिणता उजेड. वाटलं, कुणी चोर घुसला. धीर करून दार वाजवलं. आत काहीतरी दणकन पडलं.

"कोण?"

"अगं बाई! ओयरिक? तू इथे काय करतेस?"

दार उघडलं. अंगावर कोट, हातात विणकाम, बाजूला बॅटरी. चोरी पकडल्यासारखी ती लाल झाली. मग बाकावर सरकून तिने मला जागा दिली.

"बस. आणि समोर बघ."

"काय बघू?"

"घर."

मी पाहिलं. स्वयंपाकघराची पिवळी खिडकी, धुराड्यातून तिरका जाणारा धूर.

"इथून बघितलं ना, की आत कुणीतरी आहे असं वाटतं," ती म्हणाली. "चहा टाकलाय, आता मला हाक मारतील, असं."

 माझ्या मांडीवर सॉसेज गार होत गेलं. मग ती हसली. "तू दार वाजवलंस तेव्हा घाबरले खरी. पण बरं वाटलं गं. आत बसलेलं असताना बाहेरून कुणी दार वाजवावं, किती वर्षं झाली!"

"मग मी येत नाही का?"

"तू कुठे वाजवतेस? तू सरळ आत येतेस."

ते खरंच होतं. आमच्या गावात दार कुणी वाजवत नाही.

वसंतात जर्मन जोडपं आलं, गाडी दुरुस्त करून घेऊन गेलं. आणि ओयरिकने नवंच सुरू केलं. संध्याकाळी ताटात गरम स्कोन, म्हणजे घरी भाजलेले छोटे पाव, घ्यायचे, केस विंचरायचे आणि एकेका गाडीचं दार वाजवायचं. "मी ओयरिक. ही जागा माझी. काही हवं का?" काहींनी आत बसवून घेतलं. एका बाईने आपल्या मुलाच्या घटस्फोटाची सगळी कहाणी सांगितली. काहींनी दाराच्या फटीतून स्कोन घेतले आणि फट बंद केली. एकदा नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण चाललेलं, त्यात ही ताट घेऊन उभी.

मी म्हटलं, "सगळ्यांनाच आवडतं असं नाही गं."

"तुला काय माहीत? तू कधी राहिलीस गाडीत?"

मग ऐन उन्हाळ्यात कुणीतरी इंटरनेटवर तिच्या जागेबद्दल लिहिलं. मुर्डोने तिच्याच स्वयंपाकघरात, तिला गंमत वाटेल म्हणून, मोठ्याने वाचून दाखवलं: "जागा सुंदर, नळ आहे, विजेची सोय आहे. पण मालकीणबाई संध्याकाळी दार वाजवतात. एकांत हवा असेल तर इथे येऊ नका."

मुर्डो हसला. मग त्याचं त्यालाच हसू आवरतं घ्यावं लागलं. ओयरिक उठली, कोरडं टेबल पुसू लागली. "बरोबरच आहे त्यांचं," ती म्हणाली. "ते समुद्र बघायला येतात." घरी जाताना मी मुर्डोला चार शब्द सुनावले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या दिवसापासून स्कोन बंद. कुरणाकडच्या खिडकीला तिने पडदा लावून टाकला.

सप्टेंबर सरत आला, वारा फिरला. एक जुनी पांढरी गाडी आली, तिच्यात एकटीच बाई. दुसऱ्या संध्याकाळी मी ओयरिककडे लोकर गुंडाळत बसले होते, तेव्हा घराचं दार वाजलं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

दारात ती बाई. सत्तरीची, आखूड पांढरे केस, पायात पुरुषी बूट. "मी डिलिस. वेल्सची. ती दार वाजवणारी तूच ना?"

ओयरिकचा चेहरा पडला. "आता नाही वाजवत. माफ करा."

"का नाही? मी काल वाट पाहिली, आजही पाहिली. अगं, त्यासाठीच तर इतक्या लांब आले!"

ती आत आली आणि बसली. नवरा गेल्यावर घर विकून ती गाडीतच राहायला लागली होती. वर्षं झाली होती त्याला. "छान छान जागा पाहिल्या," ती म्हणाली. "पण कुणाला माझं नाव माहीत नसतं. आत मेले तर गाडीच्या नंबरावरून ओळखतील. मग इंटरनेटवरचं ते वाचलं. म्हटलं, जिथे दार वाजवतात तिथे जावं."

"लिहिणाऱ्याने तक्रार केली होती," ओयरिक म्हणाली.

"असेल. मला ती जाहिरात वाटली."

ओयरिक इतकी हसली की डोळ्यांना पाणी आलं. मग हेरिंग मासे आणि बटाटे तिघींत वाटले गेले.

डिलिस एका रात्रीसाठी आलेली, ऑक्टोबर संपेपर्यंत राहिली. रोज संध्याकाळी ओयरिक कोट चढवून कुरणात उतरायची, दार वाजवायची, आणि आतून आवाज यायचा, "कोण आहे?" जणू दुसरं कुणी असणार होतं! रविवारी दोघी चर्चला जायच्या. आमची गेलिक भाषेतली स्तोत्रं डिलिसला कळायची नाहीत, पण ती डोळे मिटून ऐकायची.

वादळं सुरू झाली, तेव्हा ओयरिकने तिला विचारलं. मी तिथेच होते. "आईची खोली रिकामी आहे. हिवाळा काढ इथे."

डिलिसने कप खाली ठेवला. "घरात मला झोप येत नाही गं आता. भिंती फार लांब वाटतात."

"मग गाडीतच राहा. पण इथे."

"एका जागी राहिले की नवरा आठवायला लागतो. चालतं राहिलं की बरं असतं."

ओयरिकने पुन्हा विचारलं नाही.

बोटीवर सोडायला आम्ही दोघी स्टॉर्नोवे बंदरापर्यंत गेलो. धक्क्यावर वारा इतका की बोललेलं ऐकू येईना. डिलिसने काचेतून हात केला आणि पांढरी गाडी बोटीच्या पोटात शिरली.

परतताना पाऊस लागला. मी म्हटलं, "वसंतात येईल बघ."

"येईल किंवा नाही येणार," ती म्हणाली. "शोनाक, वाटेत कोंबड्यांचं खाद्य घ्यायचंय, विसरू नकोस." मग घरापर्यंत ती कोंबड्यांबद्दलच बोलत राहिली, कोणती अंडी देते, कोणती नुसती खाते. मी मधे मधे हूं म्हणत गाडी चालवत होते.