तपकिरी डबा उपाशीच

शुक्रवारी सकाळी उम्म आहिदच्या घरात घाई करायची नाही असा अलिखित नियम होता. आठवड्याचं पाणी आदल्याच दिवशी येऊन गच्चीवरच्या टाक्या भरलेल्या, कपडे धुऊन वाळत पडलेले, आणि गॅसवर ऑलिव्हच्या तेलात टोमॅटो रटरटत होते. तिचा नवरा अबू आहिद वर गच्चीत कोंबड्यांशी बोलत बसला होता. तीस वर्षं रोट्यांच्या भट्टीपुढे उभं राहून त्याच्या छातीत पीठ आणि धूर दोन्ही जाऊन बसले होते. माणसांशी दोन वाक्यं बोलला की त्याला धाप लागायची. कोंबड्यांशी मात्र तासभर बोलायचा. उम्म आहिद म्हणायची, "त्या उलटून उत्तर देत नाहीत ना, म्हणून दम पुरतो."

तेवढ्यात दार वाजलं.

शुक्रवारी इतक्या लवकर दार वाजतं ते शेजारणीला साखर हवी असते म्हणून, नाहीतर कुणीतरी गेलेलं असतं म्हणून. उम्म आहिदनं डोक्यावरचा रुमाल सारखा करत दार उघडलं. समोर अबू फर्राज, तिच्या ऑफिसचा ड्रायव्हर. सुट्टीच्या दिवशीही गाडीची किल्ली बोटात फिरवत होता आणि नजर मात्र स्वतःच्या चपलांवर.

"सलाम, उम्म आहिद. घरात सगळं बरं ना?"

"बरं होतं, तू येईपर्यंत. ये आत, टोमॅटो होतच आलेत."

"खायला नाही आलो हो. म्हणजे, खाईन. पण त्यासाठी नाही आलो." त्यानं घसा साफ केला. "काल तुम्ही ऑफिसातून रोट्यांच्या तुकड्यांची पिशवी आणलीत ना? ती परत हवी आहे."

"परत?"

"इंजिनिअर लमीसबाईंचा निरोप आहे. सोमवारी परीक्षक येणार. त्या आधी सगळ्याचं वजन करायचंय."

उम्म आहिदनं हातातला झारा आढ्याकडे रोखला. "जा वर. पिशवी आता सात कोंबड्यांच्या पोटात आहे. वजन करायचं तर एकेकीला पाय धरून तराजूवर घाल."

वरून अबू आहिदचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"ऑफिसातून आलेत, तुझ्या कोंबड्यांची चौकशी करायला!"

"त्यांनी काय केलं?"

"पुरावा खाल्ला!"

अबू फर्राज हसला, बसला, दोन रोट्या टोमॅटोबरोबर चाटूनपुसून खाल्ल्या, सेजच्या सुवासिक पानांचा चहा प्यायला, आणि उठताना, माणसानं खाल्ल्या अन्नाला जागावं तेवढा जागून, हळूच एक लिफाफा काढून चटईवर ठेवला. "हे पण द्यायला सांगितलं होतं. मला बोलू नका. मी फक्त गाडी चालवतो."

लिफाफ्यात लिहिलं होतं की रविवारी सकाळी नऊ वाजता उम्म आहिदनं हरित समितीपुढे हजर राहावं. या आधी दोन समजपत्रं झाली होती. तिसरं मिळालं की नोकरी जाते, हे ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं.

उम्म आहिद, म्हणजे कागदोपत्री रस्मिय्या, अम्मानच्या पश्चिमेकडच्या एका चौमजली इंजिनिअरिंग कंपनीत सोळा वर्षं चहा करत होती. चहा, साफसफाई, पाहुण्यांची कॉफी, आणि बुधवारी सगळ्यांसाठी अंड्यांची न्याहारी. पगार सांगण्यासारखा नव्हता, पण कंपनीचं औषधांचं कार्ड होतं. त्या कार्डावर अबू आहिदचा दम्याचा फवारा आणि महिन्याच्या गोळ्या येत. पगार गेला असता तर उम्म आहिदनं चार घरची भांडी घासून भरून काढला असता. कार्ड कुठल्या घरी मिळणार होतं?

या सोळा वर्षांत तिनं पर्यावरण हा शब्द कधी उच्चारला नव्हता. तिला फुकट जाणारी गोष्ट बघवत नसे, एवढंच. एसीच्या नळीतून दिवसभर ठिबकणारं पाणी ती बादलीत धरायची आणि त्यावर चारही मजल्यांची लादी पुसायची. पश्चिमेकडच्या खिडक्यांच्या झडपा दुपारी एक वाजता पाडायची, म्हणजे एसी कमी कण्हतो. जेवायच्या सुट्टीत रिकाम्या खोल्यांतून फिरत दिवे बंद करायची आणि प्रत्येक बटणाबरोबर कुणाच्या तरी आईला सलाम पोचवायची: "आईनं विजेच्या कारखान्यात बाळंतपण केलं वाटतं याच्या!" ऑफिसातले लोक हसायचे. ही काटकसर नव्हे, उम्म आहिदची खोड आहे, असंच सगळे धरून चालले होते.

मग वसंतात रुश्दीसाहेब, म्हणजे कंपनीचे मालक, मृत समुद्राच्या काठी एका मोठ्या हॉटेलात तीन दिवसांच्या परिषदेला गेले. विषय होता कामाची जागा पर्यावरणस्नेही करून पैसा कसा वाचवावा. परिषदेची खोली इतकी थंड होती म्हणे की साहेब सर्दी घेऊन परत आले. सर्दी आठवड्यात गेली, विषय गेला नाही.

समिती झाली. जर्मनीत शिकून आलेली लमीस तिची प्रमुख झाली. पोरगी मनानं चांगली, कामाला वाघ, फक्त जे काही डोळ्यांना दिसतं त्याचा तक्ता केल्याशिवाय तिला ते दिसलं असं वाटत नसे. माणूस हलला की लागणारे दिवे आले. हे दिवे शांत बसून काम करणाऱ्याला मेलेला समजून विझायचे, म्हणून नकाशे काढणारी मंडळी दर पाच मिनिटांनी एक हात हवेत फिरवू लागली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, या ऑफिसात माश्या फार. रंगीत डबे आले: कागदाला निळा, बाटल्यांना पिवळा, आणि उरल्यासुरल्या अन्नाला तपकिरी. तपकिरी डब्यातलं अन्न तळघरातल्या यंत्रात जायचं आणि त्याचं खत व्हायचं. यंत्र कपाटाएवढं होतं, रात्रंदिवस गुरगुरायचं, आणि चालत्या मोटारीच्या किमतीचं होतं. पैसा वाचवायचा तर आधी खर्चावा लागतो, असं साहेबांनी सभेत सांगितलं होतं.

यंत्राला काकडीची सालं मिळाली, चहाचा चोथा मिळाला. पण या ऑफिसात माणसं खातात काय? सकाळी फूल, म्हणजे घेवड्याच्या दाण्यांची उसळ, आणि रोटी, दुपारी हुम्मुस, म्हणजे वाटलेले छोले, आणि रोटी, संध्याकाळी कुणाला भूक लागली तर झातरचा मसाला आणि रोटी. उरतं काय तर रोटी. आणि रोटी काही डब्यात पडेना.

कुणी तसं ठरवलं नव्हतं. डब्यावर मोठ्या अक्षरांत "रोटी इथे" अशी चिठ्ठी होती, शेजारी रोटीचं चित्रही होतं. लोक तुकडे घेऊन यायचे, चिठ्ठी वाचायचे, मान डोलवायचे, आणि तुकडे छोट्या पिशवीत बांधून ती पिशवी डब्याच्या कडीला अडकवून जायचे. कडी भरली की प्रिंटरवर ठेवायचे. एकदा तर कारकून अदनाननं पिशवी साहेबांच्या खोलीच्या दाराच्या मुठीला लटकवली होती. कचऱ्यात नाही, एवढंच त्याला कळत होतं. बाकी कुठेही चालेल. जमिनीवर पडलेला तुकडा उचलून ओठांना, मग कपाळाला लावायचा आणि उंच जागी ठेवायचा, हे ज्याला दुधाच्या दातांबरोबर शिकवलं, त्याला चिठ्ठी वाचता आली म्हणून काय होतंय!

या सगळ्या पिशव्या उम्म आहिद पूर्वीसारखीच संध्याकाळी गोळा करून घरी न्यायची. आणि यंत्र खायला काळ भुईला भार होऊन तळघरात उपाशी गुरगुरत राहायचं. लमीसच्या तक्त्यात रोटीच्या रकान्यात चार महिने शून्य. सोमवारी परीक्षक येणार होते. हरित कार्यालयाचं बक्षीस मिळालं तर सरकारी कामं मिळायची शक्यता होती. शून्याला बक्षीस कोण देतं? म्हणून पहिलं समजपत्र, मग दुसरं: रोटी बाहेर नेऊ नये, स्वतःच्या हातानं तपकिरी डब्यात टाकावी.

शनिवारी अबू आहिदनं विषय काढला. "टाकायची डोळे मिटून. देव बघतो मनातलं."

"तू टाकशील?"

त्यानं हातातला चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "तीस वर्षं भाजल्या मी. ज्या हातानं तू रोटी डब्यात टाकशील, त्या हातचा चहा माझ्या घशाखाली उतरायचा नाही." फवारा तोंडाशी नेऊन त्यानं दोन श्वास घेतले. "आणि नाही टाकलीस तर हा फवारा कुठून आणायचा, तेही मला माहीत नाही."

"म्हणजे काय करू?"

"मला काय विचारतेस? मी म्हातारा माणूस. कोंबड्यांना विचार."

रविवारी नऊ वाजता समिती बसली: रुश्दीसाहेब, लमीस आणि हिशेबाचे मुनीरसाहेब. टेबलावर तिसरं समजपत्र सहीसाठी तयार होतं. शेजारी तपकिरी डबा आणून ठेवला होता, आणि बशीत आजच्या न्याहारीतले रोटीचे दोन तुकडे.

लमीस मायेनं बोलली. "उम्म आहिद, मावशी, हा कचरा नाहीच मुळी. याची माती होते. मातीतून गहू येतो. गव्हाची परत रोटी. कुणी फेकत नाहीये. आपण मान देतोय."

"पटलं, पोरी," उम्म आहिद म्हणाली. "अगदी पटलं. माझं डोकं तयार आहे, हात तयार नाही. सोळा वर्षांत मी काही न शिकता केलं नाही. ही कॉफीची मशीनसुद्धा कुणीतरी एकदा करून दाखवली, मग मला आली. हेही एकदा कुणीतरी करून दाखवा. पुढचं मी बघते."

"त्यात काय दाखवायचं?" असं म्हणत रुश्दीसाहेबांनी बशीतला एक तुकडा उचलला. उचलताना तो बोटांतून निसटून खाली पडला. साहेब वाकले, तुकडा उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला, आणि खिडकीच्या उंच कठड्यावर नीट ठेवून दिला. मग खुर्चीत बसताना त्यांच्या लक्षात आलं की सगळे आपल्याकडेच बघतायत.

"सवय," ते म्हणाले. "मुनीर, तू टाक."

"साहेब, माझा उपास आहे."

"टाकायचंय, खायचं नाही!"

"नियत डळमळते, साहेब."

लमीस उठली. उरलेला तुकडा घेऊन डब्यापाशी गेली, पायानं पट्टी दाबली, झाकण उघडलं. उभी राहिली. तिची आजी तिला काय सांगायची, जर्मनीत ती हे कसं करायची, का तिथेही करत नव्हती, हे तिचं तिला ठाऊक. झाकण मिटलं. तुकडा तिच्या कोटाच्या खिशात होता.

कुणी हसलं नाही, म्हणजे आधी नाही. मग मुनीरसाहेबांना खोकला आला आणि त्या खोकल्याचं हसू झालं.

डोळे पुसून रुश्दीसाहेबांनी विचारलं, "तुम्ही करता तरी काय हो या तुकड्यांचं?"

"भिजवते. कोंड्यात कालवते. कोंबड्या खातात."

"आणि अंडी?"

"बुधवारी तुम्ही खाता. मागच्या बुधवारी तीन खाल्लीत, मोजायची नाहीत म्हणून मोजली नाहीत."

लमीसचा चेहरा उजळला. पेन आधीच हातात होतं. "म्हणजे रोटी ऑफिसातून जाते आणि ऑफिसातच परत येते! वीज शून्य, वाहतूक शून्य, खर्च शून्य! साहेब, हे तर यंत्रापेक्षा—" मोटारीची किंमत आठवून तिनं वाक्य तिथेच सोडलं आणि तक्त्यात नवा रकाना आखला. तासाभरात तिथे बरंच काही लिहून झालं. उम्म आहिदच्या गच्चीला भागीदार संस्था असं नाव मिळालं. कोंबड्या सात घटक झाल्या. एसीच्या पाण्याची बादली आणि दुपारच्या झडपाही समितीच्या कामगिरीत जाऊन बसल्या, दोन्ही मार्चपासून सुरू केल्याच्या नोंदीसह. सोमवारी परीक्षकांना गच्ची दाखवायचं ठरलं. तिसरं समजपत्र मुनीरसाहेबांनी फाडून निळ्या डब्यात टाकलं. कागदाच्या बाबतीत कुणाचाच हात अडखळला नाही.

उम्म आहिद दाराशी उभी होती. कार्ड राहिलं, एवढं तिला कळलं होतं; बाकीचं तिनं ऐकून सोडून दिलं.

"उम्म आहिद," साहेब उदार होत म्हणाले, "तुम्ही आता आमच्या हरित योजनेचा कणा आहात. लमीस म्हणते, तुम्हाला पद द्यायला हवं. छातीवर पानाचं चिन्ह असलेला गणवेश करू. अकाबाला तीन दिवसांचं प्रशिक्षण असतं, समुद्राकाठी, तिकडे पाठवू. अजून काय हवं असेल ते सांगा. लाजू नका."

उम्म आहिदनं विचार केला. रोज संध्याकाळी कड्या, मुठी, प्रिंटर धुंडाळत चार मजले चढणं तिच्या गुडघ्यांना आता झेपत नव्हतं.

"साहेब, गणवेश नको," ती म्हणाली. "स्वयंपाकघराच्या दाराबाहेर भिंतीत एक खिळा ठोकून द्या, सगळ्यांचा हात पोचेल असा. रोटीची पिशवी तिथे टांगीन."