उठता येईल अशी खुर्ची

शीतलचा फोन आला तेव्हा मी हिंदमाताला एका दुकानात पडद्यांचं कापड मापून घेत होतो. "दिनूकाका, बाबा गेले," एवढंच ती बोलली. सकाळी तिच्या बाबांच्या, म्हणजे अनंत राणेच्या छातीत दुखायला लागलं आणि हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दुकानदाराचं कापड फाडून झालं होतं म्हणून मी ते घेतलं आणि चालू लागलो. टॅक्सी करायची असते हे लालबाग आल्यावर सुचलं. त्याला आता सहा आठवडे झाले.

अनंत सगळ्यांचा राणेकाका, माझा अंत्या. घोडपदेवच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर आम्ही वाढलो. मी बँकेत चिकटलो, तो गिरणीच्या सुतारखात्यात लागला. गिरणी बंद पडल्यावर तो प्रदर्शनांचे स्टॉल उभारायला जाऊ लागला आणि निवृत्त होईपर्यंत तेच करत राहिला. बुधवारपर्यंत उभं करायचं, रविवारी मोडायचं. हात इतका सफाईदार, पण त्याने केलेलं काही दाखव म्हटलं तर दाखवायला काही नसायचं. याचं त्याला वाईट वाटत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं…

चाळीच्या जागी टॉवर आला आणि राणे मंडळी चौदाव्या मजल्यावर गेली. मी मुलाकडे परळला राहायला गेलो, तरी दर रविवारी माझी फेरी असायचीच. सुहास वहिनींना, अंत्याच्या बायकोला, त्याआधीच अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डावा हात नावापुरता उरला होता, चालणं मात्र हळूहळू जमत होतं. टॉवरच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या गच्चीवर, बाग होती, तिथे बिल्डरने ठेवलेल्या खुर्च्या होत्या. दिसायला छान, पण बुटक्या आणि मागे झुकलेल्या. एका संध्याकाळी वहिनी त्यातल्या एकीत बसल्या आणि त्यांना उठता येईना. अंत्या कामासाठी कॉटन ग्रीनला गेला होता. शेवटी दोन वॉचमननी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. बाग माणसांनी भरलेली होती. कोणी हसलं नाही, पण सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर आठ महिने वहिनी खाली उतरल्या नाहीत. विचारलं तर म्हणायच्या, वारा सोसत नाही.

एका रविवारी अंत्याने मला घरातल्या प्रत्येक खुर्चीत बसवलं आणि उठवलं. स्वतः जमिनीवर बसून माझे पाय बघत होता. उठताना माणूस आधी पाय मागे ओढतो, मग पुढे वाकतो, मग हातांनी रेटतो, हे मला सत्तरीत पहिल्यांदा कळलं. मी म्हटलं, अरे, बाजारातून चांगली उंच खुर्ची आण की. तेव्हा तो मालवणीत बोलला. मनातलं बोलताना तो मालवणीवर यायचा.

"बसाक खुर्ची कोणय करता रे. माका उठाक व्हयी."

जुन्या लाकडाच्या वखारीतून त्याने सागवानाची एक तुळई आणली, कुठल्यातरी पाडलेल्या इमारतीची. पार्किंगमध्ये पंपरूमच्या बाजूला काम सुरू झालं. तुळईचं दुसरं टोक धरणं हे माझं काम. त्याची खुर्ची सरळ रेषांची होती, नक्षी नाही, गोलाई नाही. पावसाचं पाणी निथळावं म्हणून बैठकीच्या पट्ट्यांमध्ये पेन्सिलीएवढी फट. गोदीकडून येणाऱ्या खाऱ्या हवेत गंजू नयेत म्हणून स्टेनलेसचे स्क्रू. पायांची टोकं त्याने दोन दिवस तेलात उभी करून ठेवली, कारण लाकूड पाणी पितं ते तळातून.

महिन्याभराने वहिनींना कसंबसं तयार करून खाली आणलं, भर दुपारी, बागेत कोणी नसताना. त्या बसल्या. उठायला गेल्या आणि परत बसल्या. दोनदा, तीनदा. मग मान खाली घालून म्हणाल्या, "राहू दे आता. वर चला." मी हात दिला. अंत्या जागचा हलला नाही. तो त्यांच्या टाचांकडे बघत होता. पुढच्या दोन पायांना जोडणारी आडवी पट्टी टाचांना आडवी येत होती, पाय मागे जातच नव्हते.

ती खुर्ची त्याने पूर्ण सुटी केली. पुढची पट्टी काढली, आतल्या बाजूला घेतली, बैठक बोटभर उंच केली. वहिनींचा सगळा भार उजव्या हातावर येणार, म्हणून खुर्चीचा उजवा हात जाड केला आणि चार बोटं पुढे काढला. एका बाजूने रेटलं तरी कलंडू नये म्हणून त्या बाजूचा पायही जरा फाकवला. नीट पाहिलं तर ती खुर्ची वाकडी आहे. दुसऱ्या खेपेला वहिनी बसल्या आणि उठल्या. त्या पुन्हा बसल्या आणि पुन्हा उठल्या. मग म्हणाल्या, "उद्या पाच वाजता येऊया."

पुढच्याच महिन्यात सोसायटीची नोटीस आली. सामायिक जागेत खाजगी सामान ठेवता येणार नाही, बागेची शोभा जाते. इथे मी चुकलो. भांडण नको म्हणून मी त्याला सांगितलं, खुर्ची वर घरात ने, तिथेही बसतीलच वहिनी. तो म्हणाला,

"घरात तिला पलंग आहे रे दिनू. घरात ती आठ महिने होतीच."

पुढे तीन आठवडे तो माझ्याशी बोलला नाही. साठ वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. त्या दिवसांत त्याने एकट्याने अर्ज लिहिला, की खुर्ची आता सोसायटीची, कोणीही बसावं, पाटी नको, नाव नको, फक्त जागची हलवू नये. कमिटीत बरीच चर्चा झाली म्हणतात, पण मंजूर झालं. तोपर्यंत इतर मजल्यांवरची गुडघेदुखीवाली मंडळीही तिच्यात बसू लागली होती, त्याचा उपयोग झाला असावा. चौथ्या रविवारी त्याचा फोन आला. नोटिशीबद्दल एक शब्द नाही. "येतोस मा? तेल लावायचं आहे खुर्चीला."

तो गेल्यावर वहिनी महिनाभर घरातच होत्या. शीतल आग्रह करायची, त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. मागच्या रविवारी मी गेलो तर घरात कोणी नव्हतं. खाली पोडियमवर आलो. वहिनी खुर्चीत बसल्या होत्या, एकट्या. मी शेजारच्या कठड्यावर टेकलो. पेन्शनच्या कागदांचं बोललो, शीतलच्या नोकरीचं बोललो. अंत्याचं नाव दोघांनीही घेतलं नाही. दिवे लागायच्या वेळी त्या उठायला सरसावल्या आणि सवयीने मी हात पुढे केला.

"नको भावोजी," त्या म्हणाल्या. "वेळ लागतो, पण येतं मला."

त्यांनी पाय मागे घेतले, उजव्या हातावर भार दिला आणि उठल्या. खरंच वेळ लागला. मग साडी सारखी करून त्या लिफ्टकडे निघाल्या. मी जरा थांबलो आणि मागून गेलो.